विकणे आहे : स्विफ्ट डिझेल, ऑटोमॅटिक, २०१३

‘विकणे आहे. स्विफ्ट डिझेल, ऑटोमॅटिक. मॉडेल २०१३, एमएच-१२ पासिंग, सेकंड ओनर, रनिंग ७२ हजार, टायर नवीन, घरगुती वापर, कंडिशन एक नंबर. किंमत बैठकीत.’

हा मजकूर मी नमुना म्हणून जुळवलाय, पण असे मेसेज दुसरबीड, किनगाव राजा, बिबी या पट्ट्यातल्या मोबाइलवर सतत फिरत असतात. पुढे वाचण्याआधी एक काम करा. हा मजकूर पुन्हा एकदा सावकाश वाचा. यातली एक गोष्ट होऊच शकत नाही. कोणती?

पेट किंवा नेटची तयारी करताना तुम्ही ‘साधनांची बाह्य चिकित्सा’ आणि ‘अंतर्गत चिकित्सा’ या व्याख्या पाठ करता. कागद खरा आहे का, हे पहिलीत. कागद खरा असला तरी तो सांगतोय ते खरं आहे का, हे दुसरीत. व्याख्या पाठ होतात, सराव मात्र होत नाही, कारण मोडीतला रुमाल उघडून समोर ठेवणारं कुणी नसतं. म्हणून आज जुन्या डिझेल गाडीची जाहिरात घेऊ. यात दुसराही फायदा आहे. सोयाबीन विकून आलेल्या पैशातून एखादं घर दोन-तीन लाख बाजूला काढतं आणि एका दुपारी फाट्यावर व्यवहार उरकून मोकळं होतं. तिथे साधनचिकित्सा चुकली तर गुण जात नाहीत, वर्षाची कमाई जाते.

जागा आधी समजून घ्या. दुसरबीड हे बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजा तालुक्यातलं गाव, जालना-मेहकर रस्त्यावरचं. रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची, पण गाडी काही धावली नाही. रात्री-बेरात्री पेशंटला जालन्याला न्यायचं तर चारचाकीच लागते. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि तो याच तालुक्यातून जातो. त्यावर दुचाकीला आणि ट्रॅक्टरला परवानगी नाही. म्हणजे शेजारून गेलेला नवा रस्ता वापरायचा तर आधी मोटार हवी, आणि बहुतेकांच्या आवाक्यात येते ती जुनीच.

आता त्या न होणाऱ्या गोष्टीकडे. ती म्हणजे ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द.

इ.स. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने ‘कॉन्स्टंटाईनचं दानपत्र’ बनावट असल्याचं दाखवलं. दानपत्र चौथ्या शतकातलं म्हणून मिरवलं जात होतं, पण त्यात ‘सत्रप’सारखे शब्द होते आणि त्या काळच्या रोमन दरबारी कागदात ते येण्याचं कारणच नव्हतं. याला आपण कालविपर्यास म्हणतो. २०१३ ची स्विफ्ट डिझेल ऑटोमॅटिक हाही कालविपर्यासच. डिझेल स्विफ्टमध्ये क्लच पेडल नसलेला गिअरबॉक्स आला तो फेब्रुवारी २०१८ च्या नव्या मॉडेलपासून. तोवरच्या सगळ्या डिझेल स्विफ्ट मॅन्युअल.

गिअरबॉक्सचा हा इतिहास जरा सविस्तर बघू, कारण खरेदी करणारे याच ठिकाणी गोंधळतात. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांतला ‘ऑटोमॅटिक’ हा बहुतेक वेळा एएमटी असतो. एएमटी म्हणजे काय? तोच नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्स, तीच क्लचप्लेट. फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम तेलाच्या दाबावर चालणारी छोटी यंत्रणा करते, आणि गिअर कधी टाकायचा ते संगणक ठरवतो. ही कल्पना गाजली शर्यतीत. १९८९ मध्ये फेरारीची ६४० ही गाडी पेडलऐवजी स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलत फॉर्म्युला वनमध्ये उतरली आणि ब्राझीलची पहिलीच शर्यत जिंकली. तिचं इलेक्ट्रॉनिक्स मॅग्नेटी मारेली या इटालियन कंपनीचं होतं. पुढे हे तंत्र महागड्या गाड्यांतून उतरत उतरत स्वस्त गाड्यांपर्यंत आलं. भारतात फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुती सेलेरिओ पेट्रोलमध्ये, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टाटा झेस्ट डिझेलमध्ये, जानेवारी २०१६ मध्ये डिझायर डिझेलमध्ये. झेस्ट तर पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावची.

एएमटीखेरीज आणखी तीन प्रकार आहेत. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडलेले असतात. सीव्हीटीमध्ये दोन पुली आणि त्यांच्यावरून फिरणारा पट्टा असतो, ठरावीक गिअर नसतातच. आणि ड्युअल क्लचमध्ये नावाप्रमाणे दोन क्लच. छोट्या डिझेल गाड्यांत हे अपवादाने सापडतात: चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन अमिओ डिझेलमध्ये २०१६ पासून ड्युअल क्लच मिळत होता, होंडा अमेझ डिझेलमध्ये २०१८ पासून सीव्हीटी. जाहिरातीच्या फोटोवरूनही प्रकार ओळखता येतो. गिअरच्या दांड्याशेजारची अक्षरं बघा. आर, एन, डी आहे पण पार्किंगचा ‘पी’ नाही, तर तो एएमटी. ‘पी’ असेल तर बाकीच्या तिघांपैकी एक. मजकूर आणि चित्र एकमेकांशी ताडून बघणं म्हणजे अंतर्गत चिकित्साच की.

जाहिरात खोटी ठरली म्हणून टाकून देऊ नका. संशोधनात चुकीचं साधन बऱ्याचदा बरोबर साधनापेक्षा जास्त बोलकं असतं. ही चूक झाली कशी, असं विचारा. कदाचित सालच चुकीचं असेल. कदाचित गाडी पेट्रोल डिझायर असेल, कारण २०१२ पासून त्या गाडीत चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर मिळत होता. कदाचित आधीच्या मालकाने दिव्यांग चालकासाठी बाहेरून क्लचची जोडणी बसवली असेल. मग आरसीवर तशी नोंद पाहिजे. आणि कदाचित लिहिणाऱ्याच्या लेखी ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे बटणावर खाली येणाऱ्या काचा असतील! जुन्या कागदातला शब्द आजच्या अर्थाने वाचू नका, असं मार्गदर्शक सांगतात. आजच्या कागदालाही तो नियम लागू आहे.

आता ‘डिझेल’. माझ्या मते या जाहिरातीतला सगळ्यात ऐतिहासिक शब्द हाच.

छोट्या डिझेल मोटारीचं युग आपल्याकडे फार मोठं नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डिझेल पद्मिनी निघत होती, पण खरी सुरुवात धरायची ती डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या पुण्याच्या टाटा इंडिकापासून. १४०५ सीसीचं साधं, टर्बो नसलेलं इंजिन. जानेवारी २००७ मध्ये डिझेल स्विफ्ट आली. तिचं १२४८ सीसीचं इंजिन मूळचं फियाटचं, ‘मल्टिजेट’ नावाचं. हे इंजिन हरियाणात मानेसरला आणि आपल्याकडे रांजणगावला बनू लागलं आणि स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत बसलं. गाडीशौकिनांनी त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ असं नाव दिलं ते काही उगाच नाही. मग एप्रिल २०१९ मध्ये मारुतीने जाहीर केलं की वर्षभराने डिझेल गाड्या बंद. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि छोटं डिझेल इंजिन त्या नियमांत बसवणं परवडेना. टाटा अल्ट्रोझसारखे मोजके अपवाद सोडले तर खेळ आटोपला.

मधल्या काळात लोक डिझेलवर एवढे तुटून का पडले? याचं उत्तर इंजिनात नाही, पेट्रोल पंपावर आहे. शेती, एसटी आणि मालवाहतुकीला झळ नको म्हणून सरकार डिझेलचा भाव दाबून ठेवत असे. जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव बाजारावर सोडला, डिझेलचा नाही. फट वाढत गेली. मे २०१२ च्या दरवाढीनंतर दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! २०१२-१३ मध्ये देशात विकल्या गेलेल्या नव्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला ५० पैशांच्या आसपास वाढवत नेलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही बाजारावर सोडलं. आणि जून २०२० मध्ये दिल्लीत उलटंच झालं: डिझेल ७९.८८, पेट्रोल ७९.७६.

याचा हिशेब कागदावर करून बघा. समजा पेट्रोल गाडी लिटरला १५ आणि डिझेल गाडी २० किलोमीटर अ‍ॅव्हरेज देते, आणि डिझेल गाडी एक लाखाने महाग आहे. २०१२ च्या भावाने पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ४ रुपये ८८ पैसे, डिझेलचा २ रुपये ५ पैसे. वरचे एक लाख साधारण ३५ हजार किलोमीटरमध्ये वसूल. जून २०२० च्या भावाने तोच हिशेब ७५ हजारांवर जातो. अ‍ॅव्हरेज तेच, गाडी तीच, बदललं फक्त धोरण. आज तुमच्या पंपावर जो भाव असेल तो घालून हीच आकडेमोड करा, आणि त्यात एक जादाचा रकाना धरा: जुन्या डिझेलमध्ये टर्बो, इंजेक्टर, क्लच यांपैकी एखादं काम निघालं की वाचवलेल्या इंधनाचे पैसे एका बिलात जातात.

गिअरबॉक्सची गोष्टही इथेच येऊन मिळते. ज्या वर्षांत डिझेलचा जोर होता, त्या वर्षांत डिझेल घेणारा माणूस पैसे वाचवायला आला होता. क्लच दाबायचे कष्ट वाचावेत म्हणून जास्त पैसे मोजायला तो तयार नव्हता, आणि त्या काळचा ऑटोमॅटिक अ‍ॅव्हरेजही कमी द्यायचा. अ‍ॅव्हरेज न खाणारा, स्वस्त एएमटी आला २०१४ मध्ये. डिझेलचा भाव मोकळा झाला तोही २०१४ मध्येच. म्हणजे छोट्या डिझेल गाडीला परवडणारा ऑटोमॅटिक मिळाला तेव्हा तिची वरात परतीला लागली होती. म्हणून जुन्या बाजारात मॅन्युअल डिझेल ढिगाने दिसतात आणि डिझेल एएमटी शोधावी लागते.

यावरून मी एक गृहीतक मांडतो. सिद्ध झालेलं नाही, नीट बघून घ्या. डिझेल स्वस्त ठेवलं ते शेतकऱ्याच्या नावाने. दुसरबीडच्या शेतकऱ्याला त्याचा फायदा ट्रॅक्टरपुरता झाला. त्याच स्वस्त डिझेलच्या जोरावर पुण्यातल्या नोकरदाराने २०१२-१३ मध्ये स्विफ्ट घेतली, सात-आठ वर्षं चालवली, आणि भावाची फट बुजल्यावर विकली. ती आता एमएच-१२ च्या पाटीसह दुसरबीडच्या फाट्यावर उभी आहे. सवलत शेतकऱ्याच्या नावाने निघाली, शहरात वापरून झाली, आणि शेवटी घासलेल्या क्लचच्या रूपाने शेतकऱ्याकडे आली. किरीट पारीख समितीने फेब्रुवारी २०१० मध्येच डिझेल मोटारींवर जादा कर सुचवला होता, म्हणजे सवलत भलतीकडे जातेय हे दिल्लीला दिसत होतं. पण गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्यावर काय होतं, हे समित्यांच्या अहवालात शोधायला जाल तर हाताला फारसं लागणार नाही.

आणि संशोधकाला जागा मिळते ती इथेच. इगोर कोपिटॉफ या मानववंशशास्त्रज्ञाने, अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेल्या १९८६ च्या ‘द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज’ या ग्रंथातल्या निबंधात, वस्तूंचंही चरित्र लिहिता येतं असं मांडलं. त्याचं एक उदाहरण आफ्रिकेतल्या मोटारीचंच आहे: ती कशी मिळवली, पैसा कुठून जमवला, कोण कोण वापरतं, कुठल्या गॅरेजात जाते, हात बदलत ती शेवटी कुठे पोचते. हे प्रश्न दुसरबीडला जसेच्या तसे विचारता येतात. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराचं म्हणणंही इथे उपयोगी पडतं: तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणजे फक्त शोधांचा इतिहास नव्हे, वापराचा आणि दुरुस्तीचाही. मल्टिजेट आलं कधी हे सगळे सांगतील. त्याच्या टायमिंग चेनचा आवाज कानाने ओळखणारा मिस्त्री गावोगावी कसा तयार झाला, हे कुणी लिहिलंय का?

जाहिरातीतले उरलेले शब्द भराभर घेऊ. ‘मॉडेल २०१३’: आरसीवर दोन तारखा असतात, निर्मितीचा महिना आणि नोंदणीची तारीख. हस्तलिखिताचा रचनाकाल वेगळा आणि आपल्या हातातल्या प्रतीचा लेखनकाल वेगळा, तसंच हे. पाटीवरचा क्रमांकही वाचा. गाडी दहा-बारा वर्षांची आणि एमएच-२८ ची मालिका मात्र अगदी ताजी, असं दिसलं तर ती परराज्यातून आलेली असू शकते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन देशभर पसरल्या. त्यात बेकायदा काही नाही, फक्त विकणाऱ्याने ते सांगितलं पाहिजे. शिवाय २०१३ ची गाडी २०२८ मध्ये १५ वर्षांची होते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवावी लागते, आणि एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी त्याची फी ६०० वरून ५००० रुपये झाली आहे.

‘रनिंग ७२ हजार’ हे आत्मचरित्रातलं वाक्य समजा. खोटंच असेल असं नाही, पण एकट्याच्या साक्षीवर घेऊ नका. पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिजलेली कड, ड्रायव्हरच्या सीटची शिवण बघा, सर्व्हिसच्या नोंदी मागा, ऑनलाइन चलनांमध्ये गाडी कुठे कुठे दिसते ते बघा. ‘टायर नवीन’ असेल तर टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. त्या वेगात, तापलेल्या काँक्रीटवर आठ वर्षं जुना टायर नेऊ नये, नक्षी कितीही शाबूत दिसो. ‘घरगुती वापर’ म्हणजे काय ते आरसी सांगते: आधी टॅक्सी पासिंग होती का, बँकेचा बोजा उतरलाय का.

मग घ्यावी कोणती? हा इतिहासाचा प्रश्न नाही, तरी विचाराल म्हणून सांगतो. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरसुद्धा होत नसतील तर डिझेलच्या नादाला लागू नका, पेट्रोल बघा. रोज जालना किंवा मेहकर असेल तर २०२० च्या आधीची, मल्टिजेट इंजिनाची मॅन्युअल गाडी. तिचं काम फाट्यावर होतं, सुटे भाग तालुक्याला मिळतात. शेवरोले बीट डिझेल स्वस्तात मिळेल, पण तिच्या कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री बंद केली, हे लक्षात ठेवून भाव करा. २०२० नंतरच्या डिझेलमध्ये धूर गाळणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते. गाव ते शेत एवढंच चालवणार असाल तर ती तुंबते. एएमटी घ्या ती गुडघ्याचा त्रास असणाऱ्यासाठी, आणि घेताना एकच विचारा: क्लचप्लेट बदलल्यावर संगणकाला नव्या क्लचची ओळख करून द्यावी लागते, ते स्कॅनर असलेलं सगळ्यात जवळचं गॅरेज कुठे आहे? जालना असं उत्तर आलं तर गाडी बंद पडल्यावर तिथवर नेण्याचा खर्च किमतीत धरा. चढावर थांबवून पुन्हा उचलून बघा. धक्के देत निघाली किंवा जळका वास आला, तर क्लच संपत आलाय.

आता तुमचा अभ्यास. आपापल्या गावातल्या ग्रुपवरची जुन्या गाडीची एक जाहिरात निवडा. नाव आणि फोन नंबर आधी खोडा. मग तीन रकाने आखा. पहिल्यात जाहिरातीतला शब्द. दुसऱ्यात तो खरा असायला काय काय आधी घडलेलं असायला हवं. तिसऱ्यात ते तपासायचं साधन: केंद्राचं राजपत्र, पेट्रोलियम प्लॅनिंग अँड अ‍ॅनालिसिस सेलकडचे जुने भाव, लोकसभेतली प्रश्नोत्तरं, वाहन पोर्टल, त्या सालचं कंपनीचं माहितीपत्रक, वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती, आणि शक्य झालं तर गाडीचा पहिला मालक. मिस्त्रीची मुलाखत घेणार असाल तर सकाळी जाऊ नका, तेव्हा गाड्या सोडायची घाई असते. दुपारी चारनंतर जा, आणि पहिला प्रश्न गिअरबॉक्सचा विचारा.